सेवा व्यवसायाच्या हिशेबात जीएसटी: एका सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

नारायण पेठेत आमचे वेष्टने आणि लेबले डिझाइन करून देणारे छोटे कार्यालय आहे. ग्राहक मुख्यतः भोसरी-चाकणचे कारखानदार, थोडे बंगळुरूचे. पूर्वी बिले एक्सेलमध्ये करून बाकीचा हिशेब कर सल्लागारांवर सोडलेला असे. एप्रिलपासून सगळे काम वर्गणीवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर आणले. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

रोजच्या बिलांची नोंद ते चोख करते. चाळीस हजारांच्या कामावर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा वाटा) लावून ४७,२०० रुपयांचे बिल केले, की ग्राहकाच्या खात्याला पूर्ण रक्कम नावे पडते, उत्पन्नाला फक्त ४०,००० जमा होतात आणि उरलेले ३,६०० व ३,६०० देय कराच्या दोन वेगळ्या खात्यांत जातात. नफा-तोटा पत्रकात कराचा एक रुपयाही मिसळत नाही. ग्राहकाने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापला तर तो करासह रकमेवर नव्हे, मूळ ४०,००० वर कापला आहे ना, हेही वसुलीची नोंद करताना लगेच दिसते. काही कंपन्यांचे लेखा विभाग हा फरक विसरतात, त्यामुळे ही सोय मोलाची वाटली. बंगळुरूच्या ग्राहकाचा जीएसटी क्रमांक टाकताच १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी, आपोआप लागतो.

खरी अडचण आगाऊ रकमेची. आम्ही कामाआधी निम्मी रक्कम घेतो. माल विकणाऱ्याला आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही. ती सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. सेवा देणाऱ्याला मात्र ती नाही. आगाऊ रक्कम एका करकालावधीत आली आणि बिल पुढच्या कालावधीत झाले, तर पहिल्याच कालावधीत कर भरावा लागतो. हे सॉफ्टवेअर मात्र वरच्या ४७,२०० च्या निम्मे म्हणून आलेले २३,६०० रुपये (त्यात ३,६०० कराचे) जसेच्या तसे ग्राहकाच्या खात्यावर जमा करते आणि कराबाबत मौन पाळते. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकानदार असावा, असे वाटत राहते. आम्ही ‘आगाऊ रकमेवरील जीएसटी’ असे वेगळे खाते उघडले आहे. कालावधी संपताना त्या खात्याला ३,६०० नावे आणि देय सीजीएसटी-एसजीएसटीला प्रत्येकी १,८०० जमा अशी जर्नल नोंद हाताने करतो, आणि अंतिम बिल निघाले की तीच नोंद उलटवतो. उलटवायचे राहिले तर त्याच रकमेवर दोनदा कर दिसतो, म्हणून या खात्याची शिल्लक विवरणपत्राआधी तपासावीच लागते.

दुसरी हाताची नोंद भाड्याची. आमच्या जागामालकांची जीएसटी नोंदणी नाही आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर, रिव्हर्स चार्जखाली (म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीने), नोंदणीकृत भाडेकरूने भरायचा आहे. २५,००० भाड्यावर ४,५०० कर होतो. तो जमा क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी दिलेल्या कराच्या वजावटीतून, वळता करता येत नाही, रोखीनेच भरावा लागतो, आणि भरल्यावर त्याचे क्रेडिट मिळते. सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्स चार्जचा पर्याय आहे, पण तो खरेदीच्या पावतीत इतका आत दडलेला आहे की आमच्या हिशेबनीस बाईंना तो हेल्पलाइनला फोन केल्यावर सापडला.

खरेदीच्या क्रेडिटची जुळवणी समाधानकारक आहे. आम्ही विवरणपत्रे तिमाही भरतो, त्यामुळे तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या क्रेडिटचे पत्रक, तयार झाले, की ते उतरवून घेऊन आपल्या नोंदींशी ताडता येते. ज्या छपाईवाल्याने आपले बिल विवरणपत्रात दाखवलेले नाही, त्याची ओळ लाल होते. छपाईवाल्याला फोन मात्र आपणच करायचा.

आमच्यासारखी तिमाही विवरणपत्रे भरणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे. सॉफ्टवेअरचा कराचा गोषवारा महिन्याचाच निघतो. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्रासाठी, तीन गोषवारे बेरजेला घ्यावे लागतात. महाराष्ट्रात त्याची मुदत तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख असल्याने वेळ पुरतो, पण वर्गणी घेणाऱ्या सॉफ्टवेअरकडून एवढी बेरीज अपेक्षित आहे.

जे आगाऊ रक्कम घेत नाहीत आणि ज्यांची बिले बहुतेक राज्यातलीच आहेत, त्यांनी ते निःशंक घ्यावे. आगाऊ रकमेवर चालणाऱ्यांनी आधी चाचणी खात्यात एक पावती आणि एक बिल दोन वेगळ्या महिन्यांत टाकून पाहावे. आम्ही पुढच्या वर्षाची वर्गणी भरणार आहोत, पण जर्नल नोंदी करणाऱ्या हिशेबनीस बाईंना सोडून नव्हे.