चिनी काढ्याने शेंगदाण्याची ॲलर्जी बरी करणाऱ्यांचे अर्धे कागद

'चिनी काढ्याने मुलाची शेंगदाण्याची ॲलर्जी बरी होते' या दाव्याला फसलेले आईबाप अडाणी नसतात, कारण विक्रेता दाखवतो ते कागद खरे असतात. फक्त अर्धेच दाखवलेले असतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये डॉ. शिउ-मिन ली यांनी 'वू मेई वान' या जुन्या चिनी योगावरून नऊ वनस्पतींचं 'एफएएचएफ-२' तयार केलं. उंदरांवर ते चाललं. औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे त्यांना शेंगदाण्याचा झटका आला नाही. विक्रेता इथेच थांबतो. पुढचं पान माणसांवरच्या २०१५ च्या चाचणीचं: १२ ते ४५ वयाचे ६८ रुग्ण, दहा-दहा गोळ्या दिवसातून तीनदा, सहा महिने. औषध सुरक्षित ठरलं, पण ॲलर्जीचा पदार्थ पचवण्यात औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा हे रुग्ण सरस ठरले नाहीत. (रोज तीस गोळ्या! अनेकांनी त्या नीट घेतल्याही नाहीत.)

बरं, विक्रेत्याच्या पुडीत तेच औषध असतं का? मूळ 'वू मेई वान'मध्ये बचनागाच्या कुळातलं मूळ आणि 'शी शिन' ही वनस्पती असते. विषारीपणाच्या भीतीने संशोधकांनी दोन्ही वगळली. शी शिनमध्ये मूत्रपिंड खराब करणारं ॲरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं. घटकांची यादी न देणाऱ्याच्या पुडीत ती आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नाही. भेसळही होते. ब्रिटनमध्ये १९९९ साली इसबासाठी विकल्या जाणाऱ्या ११ चिनी 'वनौषधी' मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं होतं.

खरी मेख पुढे आहे. पुडीत सेटिरिझिनसारखं ॲलर्जीची लक्षणं दाबणारं औषध मिसळलेलं असलं, की त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत गांधच उठत नाही. "बघा, ॲलर्जी गेली!" म्हणून चाचणीआधी किमान आठवडाभर पुडी बंद ठेवा आणि डॉक्टरांना ती दाखवा. 'चाचणीच्या सकाळीही डोस चुकवू नका' असं विक्रेता बजावत असेल, तर का ते समजून घ्या. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) सेटिरिझिनसारख्या औषधाने दबत नाही, पण तो आकडा उतरला म्हणजे मूल बरं झालं असंही नाही. खात्री होते ती रुग्णालयात, झटक्यावरचं ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून, शेंगदाणा थोडा थोडा खाऊ घालूनच.

घरी चमचाभर कूट चाटवून 'खात्री' करायला सांगणारेही भेटतात. अजिबात करू नका. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन टाकून द्यायला सांगितलं, तरी ते टाकू नका. झटका आलाच तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, काढा पाजत बसायचं नाही. आणि उरलेल्या पुड्या फेकू नका. बिलासकट बंद करून ठेवा, प्रयोगशाळेत तपासायला त्याच लागतात.