हातात सळई, बाहेर ३८ पानांचा रिपोर्ट

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत जूनमधल्या एका रविवारी क्लब हाऊसमध्ये ‘मोफत फुल बॉडी चेकअप’चं शिबिर लागलं. ऑगस्टअखेर त्याच सोसायटीतल्या ६८ वर्षांच्या एका आजोबांचं एचबीए-वन-सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा आकडा) ७.१ वरून ९.२ वर गेलेलं होतं, पोटॅशियम ५.९ आलं होतं आणि घरातून ४३,८०० रुपये गेले होते. मधल्या अडीच महिन्यांत काय काय झालं ते क्रमाने लिहीत आहे, कारण असं टेबल उद्या ऐरोलीत किंवा खारघरमध्ये तुमच्याही बिल्डिंगखाली लागू शकतं आणि पहिल्या दहा मिनिटांत ते ओळखता येतं.

शिबिराचा मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींच्या नंबरवरून आला, त्यामुळे कमिटीने चौकशी केली असणार असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात कमिटीला हॉलचं भाडं मिळालं होतं आणि एक लेटरहेड दाखवलं गेलं होतं. शिबिरात डॉक्टर कोण येणार, त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे कुणी विचारलं नाही. टेबलावर पांढरे कोट घालून बसलेली दोन मुलं डॉक्टर नव्हती, टेक्निशियनही नव्हती. पांढरा कोट कुणालाही विकत मिळतो.

आता ते यंत्र. कंपासपेटीएवढा डबा, लॅपटॉपला लावलेली यूएसबी वायर आणि दुसऱ्या वायरच्या टोकाला बोटाएवढी स्टीलची सळई. सळई मुठीत धरायची, दीड मिनिट हलायचं नाही. त्याआधी नाव, वय, उंची, वजन लिहून घेतात आणि अगदी सहज विचारतात, ‘काही त्रास आहे का?’ आजींनी गुडघे आणि गॅस सांगितलं, आजोबांनी शुगरची गोळी सांगितली. दीड मिनिटाने प्रिंटरमधून ३८ पानं बाहेर आली: यकृत, स्वादुपिंड, हाडांतलं कॅल्शियम, शिसं, कोलॅजन, डोळ्यांखालच्या पिशव्यासुद्धा. ओळीओळीला लाल रंग. आजींच्या रिपोर्टमध्ये सांधे आणि पचन लाल, आजोबांच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंड लाल. ‘बघा, मशीनने बरोबर पकडलं!’ सांगितलेलीच गोष्ट परत हातात आली होती, पण घाबरलेल्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही.

या यंत्राला ‘क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स’ असं काहीतरी नाव देतात. नाव एमआरआयच्या जवळ जाणारं आहे म्हणून फरक नीट समजून घ्या. दवाखान्यातल्या एमआरआयचा चुंबक साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो, त्याचं वजन टनांत असतं आणि तो गार ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. एवढं करून तो शरीराच्या आतली चित्रं देतो, रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा देत नाही. कॅल्शियम, मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन, यकृतासाठीचं एसजीपीटी मोजायला शिरेतलं रक्त लागतं, ते गोठू देऊन वरचा पाण्यासारखा भाग (सीरम) वेगळा करावा लागतो आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. मुठीतल्या सळईतून फार तर त्वचेचा ओलावा आणि विजेला होणारा रोध कळेल. लिव्हरचं काही कळत नाही.

पटत नसेल तर तिथेच तीन गोष्टी करून बघा. एकाच माणसाची तपासणी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा करायला सांगा आणि दोन्ही रिपोर्टमधले आकडे शेजारी ठेवा. मग वय वीस वर्षं वाढवून सांगा. शेवटी सळई हातात न धरता ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळायला सांगा. नॅपकिनच्याही यकृताचा रिपोर्ट छापून येतो. तपासणारा तिसऱ्या गोष्टीला नकार देत असेल तर तिथून उठा.

त्याच टेबलावर शुगर आणि बीपीही बघितलं जात होतं आणि आमच्या मते खरा शारीरिक धोका तिथेच जास्त होता. बोटाला टोचायचं पेन सगळ्यांना एकच, आतली सुई तेवढी बदलत होते. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाला रक्ताचा अंश राहू शकतो आणि हिपॅटायटिस बी पसरायला तेवढा पुरतो. शिबिरात प्रत्येकासाठी वेगळी, एकदा टोचली की आपोआप बंद होणारी लॅन्सेटच हवी, आणि वापरलेली लॅन्सेट भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे. इथे ती किराण्याच्या पिशवीत जात होती. बीपी तर उभ्या रांगेतून आलेल्या माणसाचं, बोलता बोलता, हात लोंबकळत असताना घेतलं जात होतं. असं घेतलेलं बीपी हमखास जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेबलावर, आधी अर्धा तास चहा-सिगरेट नाही आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, असं घेतलेलं बीपीच लिहून ठेवण्यालायक असतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा चढतो.

खरी विक्री त्या दिवशी झालीच नाही. ‘रिपोर्ट समजावून सांगायला’ दोन दिवसांनी एक मॅडम घरी आल्या. नोनी ज्यूस, स्पिरुलिनाच्या गोळ्या, ‘लिव्हर क्लीन्स’ पावडर आणि ‘शुगर केअर’ कॅप्सूल असं महिन्याचं किट १४,६०० रुपयांचं, कोर्स तीन महिन्यांचा. मेंबर झालात तर पुढच्या किटवर सूट आणि ओळखीच्यांना जोडलंत तर कमिशन. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नंबरवर गेले, बिल मिळालं नाही.

मॅडमनी एक वाक्य सांगून ठेवलं होतं: ‘सुरुवातीला चक्कर, थकवा, जास्त लघवी झाली तर घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय.’ या संपूर्ण प्रकरणात याहून घातक काही नव्हतं. जास्त लघवी, थकवा आणि तहान ही शुगर वाढल्याची लक्षणं आहेत. आजोबांना ती तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि घरातले सगळे औषध लागू पडतंय म्हणून निश्चिंत राहिले. दीड महिन्याने सळई पुन्हा हातात दिली गेली, स्वादुपिंड या वेळी हिरवं आलं आणि ‘आता मेटफॉर्मिन बंद केलीत तरी चालेल’ असं सांगितलं गेलं. मेटफॉर्मिन आधीच अर्ध्यावर आणलेली होती, त्या दिवसापासून पूर्ण थांबली.

पोटॅशियम वाढल्याचं कारण फॅमिली डॉक्टरांनी किटमधला डबा हातात घेतल्यावर लक्षात आलं. आजोबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होती आणि क्रिएटिनिन आधीच १.४, म्हणजे थोडं चढलेलं होतं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम थोडं वाढतं, मूत्रपिंड कमी काम करत असेल तर आणखी वाढतं, आणि नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. दोष एकट्या ज्यूसचा होता असं ठामपणे म्हणता येत नाही, पण तो बंद करून, औषधं बदलून, आठवड्याने तपासलं तेव्हा आकडा ४.८ वर आला. पोटॅशियम सहाच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते आणि आधी बहुधा काहीच जाणवत नाही. घरात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांपैकी काही घेणारं माणूस असेल तर ‘नैसर्गिक आहे’ म्हणून कुठलाही रस, क्षार किंवा कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या काही भागाच्या जागी सहसा पोटॅशियमच घातलेलं असतं.

डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक होता आणि मॅडम त्याकडे बोट दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणत होत्या. तो अन्नपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे, शेव-चिवड्याच्या पाकिटावरही तसाच क्रमांक असतो. औषध म्हणून गुण आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. उलट त्याच डब्याच्या मागे बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापलेलं होतं, कारण अशा पूरक पदार्थांवर ते छापावंच लागतं. डबा फिरवून तेवढी ओळ वाचली असती तर पैसे वाचले असते.

शिबिरात ३०० रुपयांत ‘फूट डिटॉक्स’ही होतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या टबात पाय ठेवायचे, मध्ये धातूची जाळी, वीस मिनिटांत पाणी तपकिरी. ते पायातून निघालेलं विष म्हणून दाखवतात. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंडी जाळी गंजते, तो गंजाचा रंग असतो. टबात पाय न ठेवताही पाणी तसंच होतं. वॉटर प्युरिफायर विकणारे ग्लासात दोन कांड्या बुडवून नळाचं पाणी काळं-तपकिरी करून दाखवतात तेही हेच. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज जाते, आरओच्या पाण्यात ते नगण्य म्हणून ते स्वच्छ दिसतं. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगा.

हे सगळं उघड झाल्यावर सोसायटीतल्या काही घरांनी ‘खरी’ तपासणी म्हणून स्वस्त होम कलेक्शनची पॅकेजं घेतली. तिथेही डोळे उघडे हवेत. ‘७६ चाचण्या’ म्हणजे ७६ वेगळ्या तपासण्या नव्हेत. एका सीबीसीतले (रक्तपेशींच्या मोजणीतले) वीस-पंचवीस आकडे, लघवीतले पंधरा-वीस, लिव्हरचे दहा-अकरा, लिपिडचे (कोलेस्टेरॉल वगैरेंचे) आठ, असं प्रत्येक ओळ मोजून बेरीज फुगवतात. दुसरी बाजू अशी की नॉर्मल रेंज बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. त्या एका लाल आकड्यावर पुढची विक्री उभी राहते.

रक्त घ्यायला आलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. सीबीसी आणि एचबीए-वन-सीला जांभळ्या टोपीची ट्यूब, शुगरला राखाडी, थायरॉईड-लिव्हर-किडनीला पिवळी किंवा लाल. सगळं एकाच ट्यूबमध्ये घेतलं तर सगळ्या तपासण्यांचा रिपोर्ट येऊच शकत नाही. नाव-वयाचं किंवा बारकोडचं लेबल तुमच्यासमोर ट्यूबवर लागलं पाहिजे. जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करावी लागते, नाहीतर रक्ताच्या गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोट्या कमी दिसतात. साध्या ट्यूबमधलं रक्त तासन्‌तास बाइकच्या डिकीत फिरलं तर पेशी साखर खात राहतात आणि शुगर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, म्हणजे मधुमेह लपतो.

नमुना न तपासता ओतून देऊन आकडे हाताने टाइप केलेला रिपोर्ट पुष्कळदा साध्या गणितात सापडतो. कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १६० असेल तर १६०ला ५ने भागून ३२, आणि १९८मधून ४२ व ३२ वजा केले की एलडीएल १२४ यायला हवं. (लॅबने एलडीएल थेट मोजलं असेल तर थोडा फरक चालतो.) पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांची बेरीज १०० झाली पाहिजे. एचबीए-वन-सी ७ असताना सरासरी शुगर १५४च्या आसपास लिहिलेली हवी. गणित जुळलं म्हणजे रिपोर्ट खरा असं नाही, पण जुळलं नाही तर लॅबला फोन करून जाब विचारा. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलेलं आहे. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का असेल तर त्यांच्या वेबसाइटवर त्या लॅबच्या नावापुढे तुमची तपासणी यादीत आहे का तेही दिसतं.

घरच्यांसाठी नियमित लागतं ते फार थोडं आहे. तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, उपाशीपोटी शुगर, कमरेचा घेर (पुरुष ९० सेंमी, बायका ८० सेंमीच्या आत) आणि तोंडाची तपासणी, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांची. बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी, ती किती वर्षांनी करायची ते डॉक्टरांना विचारून. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमातून मोफत आहे, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.

पैसे परत मागायला गेल्यावर बिल नसणं नडलं. अशा वेळी यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, पत्रकाचा फोटो, डब्याची चारही बाजूंची छायाचित्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, चिडून ग्रुपवरून डिलीट करू नका. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पत्रकाचा फोटो अन्न व औषध प्रशासनाकडच्या (एफडीए) तक्रारीत सर्वात कामाला येतो. पहिला फोन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला करा. पुढे ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे आयोग अलिबागला.

या घराने सीलबंद राहिलेलं एक किट परत केलं आणि तीन फोन, एक लेखी नोटीस यानंतर त्याचे १४,६०० मिळाले. आजोबांची मेटफॉर्मिन पुन्हा सुरू आहे, पुढचं एचबीए-वन-सी तीन महिन्यांनी. सोसायटीच्या हॉल बुकिंगच्या फॉर्मवर आता शिबिरांसाठी चार रकाने वाढले आहेत: डॉक्टरचं नाव व नोंदणी क्रमांक, कुठल्या यंत्राने काय मोजणार, लॅन्सेट आणि कचऱ्याची व्यवस्था, आणि शिबिरानंतर रहिवाशांच्या घरी विक्रीसाठी कुणी जाणार नाही अशी सही.