ट्रायोप्लान म्हणून विकलेलं प्रोजेक्टरचं भिंग

जुनी लेन्स विकणाऱ्याच्या तोंडून "कॅरेक्टर" हा शब्द आला की आधी टॉर्च शोधा, पाकीट नंतर. गेल्या हिवाळ्यात ४२,००० रुपयांना एक लेन्स माझ्या गळ्यात मारली गेली. तिच्यातल्या प्रत्येक खोटीवर विकणाऱ्याकडे हाच एक शब्द तयार होता.

या बाजारात गिऱ्हाईक दोष विकत घ्यायलाच येतं. हेलिओस ४४-२ ही रशियन लेन्स कोणी कडेपर्यंतच्या शार्पनेससाठी घेत नाही. चेहऱ्याभोवती मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात, म्हणून घेतात. नव्या लेन्सनी जे सुधारलं ते जुनीत सुधारलेलं नसतं आणि सगळी मजा त्यातच असते. त्यामुळे बुरशी असो, धूसरपणा असो, नाहीतर ओरखडा, "विंटेज आहे दादा, असंच असणार" हे वाक्य बिनबोभाट खपतं. कुठला दोष कारखान्यातून आला आणि कुठला नंतर चिकटला, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्यावर या मंडळींचं पोट चालतं.

मला हवी होती ती मायर-ऑप्टिक गोर्लिट्झची ट्रायोप्लान, १०० मिमी फोकल लांबीची, सर्वात मोठं छिद्र एफ/२.८. पूर्व जर्मनीत बनलेली, आत फक्त तीन भिंगं. दवाने भिजलेल्या गवतावर सकाळचं कोवळं ऊन असताना ती पूर्ण उघडी ठेवून जवळचं पातं टिपलं, की मागच्या प्रत्येक थेंबाचा साबणाचा फुगा होतो. मधे जवळजवळ पारदर्शक, कडेला उजळ गोल. या भिंगांची जुळणी अशी आहे की कडेने येणारे किरण गरजेपेक्षा जास्त 'सुधारले' जातात आणि फोकसबाहेरच्या ठिपक्याच्या काठावर प्रकाश गोळा होतो. चित्रकाराने मुद्दाम काढावं तसं दिसतं, पण मुळात ते गणितातलं उरलेलं आहे. एकेकाळी धूळ खात पडलेली ही लेन्स हौशी लोकांनी उचलून धरली आणि भाव चढले. भाव चढले की मागून काय येतं ते ओघाने आलंच.

जुन्या लेन्सांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गटात या विकणाऱ्याची जाहिरात होती. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, दर वाक्याला "दादा". नमुन्याचे फोटो एकाहून एक: कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब, निवडुंगाची फुलं, मागे फुग्यांची रास. लेन्सचे फोटो मात्र दोनच, तेही समोरून. समोरच्या कड्यावर मायर-ऑप्टिक, ट्रायोप्लान, २.८/१०० अशी पांढरी अक्षरं. छिद्र लहानमोठं करणारी रिंग कुठे दिसेना, म्हणून मी विचारलं, "अॅपर्चरची रिंग दिसत नाही?" त्यावर त्याने जी गोष्ट सांगितली ती बेमालूम होती, हे मान्य करावं लागेल. मूळ नळकांडं पडून चेपलं होतं, छिद्राची पाती तुटली होती. मग जाणकार मिस्त्रीकडून मूळ काचा काढून नव्या हेलिकॉइडमध्ये, म्हणजे फोकससाठी फिरणाऱ्या आट्यांच्या नळकांड्यात, बसवून घेतल्या. "आणि दादा, ट्रायोप्लान कोण बंद करून वापरतं? एफ/२.८ लाच तर कॅरेक्टर आहे." मूळ अवस्थेतली लेन्स याहून बरीच महाग पडते, म्हणून ही ४२,००० ला. सात दिवसांत आवडली नाही तर परत. पैसे यूपीआयने आधी, कुरियर नंतर.

लेन्स आली. एम४२ या जुन्या आट्यांच्या माउंटवरून माझ्या मिररलेस कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर बसली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दव पडलेल्या सकाळी मी ती लावली आणि फुगे आले. अगदी जाहिरातीतल्यासारखे, गोल, कडेला लख्ख. फसवणूक पुढे आठवडे टिकली ती यामुळेच. माल बोगस असला की फोटो वाईट येणार अशी आपली समजूत असते. इथे फोटो उत्तम होते.

वाळलेली धूळ काढताना समोरच्या नावाच्या कड्याची एक बाजू किंचित उचललेली दिसली. धातू सगळा जुना, काळवंडलेला आणि हे कडं तेवढं कोरं. मी लेन्स घेऊन जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. आमच्या भागात हे काम करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. त्यांनी हातात घेऊन उलटी केली आणि नाव न वाचताच विचारलं, "प्रोजेक्टरचं भिंग कॅमेऱ्याला का लावलंय?" मी ट्रायोप्लान म्हटल्यावर हसले. पातळ पात्याने कडं सोडवलं. ते गोंदाने चिकटवलेलं होतं. खाली मूळ नाव: डायाप्लान, २.८/१००.

डायाप्लान ही त्याच घराण्यातली, स्लाइड प्रोजेक्टरसाठी केलेली लेन्स. तिच्यातही तीनच भिंगं, फोकल लांबी तीच, छिद्र तेवढंच. अॅपर्चरची पाती नसतातच, कारण प्रोजेक्टरला ती लागत नाहीत. फोकस करायची रिंगही नसते. प्रोजेक्टरमध्ये अख्खं नळकांडंच पुढेमागे सरकतं, म्हणून बाहेरून गुळगुळीत. तिला हेलिकॉइड बसवलं की कॅमेऱ्यावर चालते आणि फुगेही तसेच येतात. म्हणजे "पाती तुटली", "नळकांडं चेपलं", "मिस्त्रीने नव्यात बसवली" हे सगळं नसलेल्या भागांना शोधलेलं निमित्त होतं. खऱ्या ट्रायोप्लानला पंधरा पाती असतात, छिद्र छान गोल राहतं. ती दाखवता येणार नव्हती, म्हणून त्याने गोष्टीत आधीच मोडून टाकली.

डायाप्लान वाईट नाही, हेही सांगायला हवं. तिला हेलिकॉइड लावून "प्रोजेक्टरची लेन्स, कॅमेऱ्यासाठी बदललेली" असं स्पष्ट लिहून विकणारे प्रामाणिक लोक आहेत आणि ते ट्रायोप्लानच्या किमतीचा लहानसा हिस्सा घेतात. फुग्यांसाठीच लेन्स हवी असेल तर मी आजही तीच सुचवीन. माझी तक्रार लेन्सशी नाही, चिकटवलेल्या कड्याशी आहे.

काकांनी मग टॉर्च मागून लावली. पुढून पाहताना काहीच कळत नव्हतं, पण मागून तिरका उजेड पडल्यावर आतल्या भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी उमटली. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सचं हे नेहमीचं दुखणं. लवकर सापडली तर पुसून जाते, जुनी झाली की काचेवरचं कोटिंग खाते आणि डाग कायमचे राहतात. हिने कोटिंग खाल्लेलं होतं. उन्हाकडे कॅमेरा केला की चित्रावर जो दुधी पडदा येत होता, त्यालाही विकणाऱ्याने आधीच "ड्रीमी ग्लो" म्हणून ठेवलं होतं!

त्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: "दादा, काच ट्रायोप्लानचीच आहे, कडं मिस्त्रीने बदललं असेल." दुसरं: "फोटो तर मस्त येतायत ना?" तिसरं उत्तर आलं नाही, नंबर ब्लॉक झाला. गटात मी लिहिलं, तर त्याने नाव बदलून गट सोडलेला. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. खोटं सांगून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हाच आहे. अडचण वेळेची असते. पैसे गेल्या गेल्या १९३० ला कळवलं तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. इथे तर लेन्स हातात होती, फोटो चांगले येत होते आणि मधल्या काळात पैसे कधीच पुढे गेले होते. "सात दिवसांत परत" ही मुदत किती विचार करून दिली होती, ते आता दिसतं.

आता कुठला दोष मूळचा आणि कुठला नंतर चिकटलेला, हे ओळखण्याबद्दल. हेलिओसची चकरी खरी, कारण ती झाइस येना या जर्मन कंपनीच्या बायोटार या मूळ रचनेतूनच येते. कडेचे ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात आणि मधल्या बिंदूभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. पण "रेअर पीस, एक्स्ट्रा स्विर्ल" असं कोणी म्हणालं तर बहुधा पुढचं भिंग काढून उलटं बसवलेलं असतं. हौशी लोक हे घरी करतात, त्याला वेगळे पैसे द्यायचं कारण नाही. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे, ती काळाने पिवळी पडते. त्या पिवळेपणाला "वॉर्म टोन" म्हणून चढा भाव सांगतात. प्रत्यक्षात अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही काळ ठेवली की तो बराच उतरतो. भिंगं जिथे एकमेकांना चिकटवलेली असतात तिथला बाल्सम हा डिंक सुटला की काठाला इंद्रधनुषी डाग येतो. तो कोणत्याही कवितेने जात नाही. पात्यांवर तेल आलेलं असेल तर पाती हाताने बंद करायच्या जुन्या प्रीसेट लेन्समध्ये काम चालून जातं. आपोआप बंद होणाऱ्या पात्यांच्या लेन्समध्ये मात्र ती अडकतात.

नमुन्याचे फोटो कुठल्या कॅमेऱ्यावरचे, हेही विचारा. चकरी चित्राच्या कडेला असते, क्रॉप सेन्सर, म्हणजे आकाराने लहान सेन्सर, तीच कड कापून टाकतो. निकॉनचा जुना डीएसएलआर असेल तर एम४२ लेन्स साध्या अडॅप्टरवर दूरच्या वस्तूवर फोकस करत नाही. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं निकॉनचं अंतर ४६.५ मिमी, एम४२ चं ४५.४६, एवढासा फरक नडतो. त्यावर काच असलेला अडॅप्टर "फ्री" देतात आणि ती स्वस्तातली काच लेन्सची उरलीसुरली धारही घालवते.

नाव बदलून विकणं या धंद्यात नवं नाही. सोव्हिएत ज्युपिटर-३ वर झाइस सोनारचं नाव कोरून ती लायका माउंटची दुर्मीळ जर्मन लेन्स म्हणून खपवण्याचा उद्योग जगभर चाललेला आहे. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांचे 'लायका' तर सोनेरी मुलाम्यासकट मिळतात. मायर-ऑप्टिक हे नाव पुन्हा बाजारात आणून क्राउडफंडिंगवर लेन्स विकणारी जर्मन कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. आगाऊ पैसे भरलेल्या कित्येकांच्या हाती काहीच आलं नाही. नंतर नाव विकत घेतलेल्या मालकांनीच सांगितलं, की आधीच्या कंपनीच्या काही महागड्या लेन्स मुळात दुसऱ्यांच्या, एक चिनी आणि एक रशियन, फेरफार केलेल्या होत्या. एवढ्या वरच्या पातळीवर हे चालत असेल, तर कुरियरच्या खोक्यातलं काय सांगावं.

व्यवहार लांबूनच करायचा असेल तर विकणाऱ्याकडून व्हिडिओ कॉलवर हे मागा: लेन्स बाजूने फिरवून दाखव, अॅपर्चर उघडबंद कर, मागून टॉर्च लाव, लेन्सवर कोरलेला क्रमांक जवळून दाखव. क्रास्नोगोर्स्क या सोव्हिएत कारखान्याच्या बहुतेक लेन्सांत क्रमांकाचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. सांगितलेलं साल आणि आकडे जुळत नसतील तर तिथेच थांबा. आणि काल काढलेला एक फोटो मागा, मूळ फाइलसकट, त्याच्या घरातल्या कुठल्याही वस्तूचा.

हे शेवटचं का सांगतोय, तर कोळ्याच्या जाळ्याचा तोच फोटो मला पुन्हा दिसला. खातं दुसरं आहे, नाव दुसरं आहे आणि या वेळी लेन्स ट्रायोप्लान नाही, मायरचीच प्रायमोप्लान आहे. लेन्सचे फोटो दोन, समोरूनच. जाळ्याच्या डाव्या बाजूला वाळकं पान अडकलंय आणि वर उजवीकडे तीन फुगे एकमेकांत घुसलेत. हा फोटो समोर आला, तर मला त्या गटातच कळवा. तक्रारीला नवा नंबर जोडायचा आहे.