शिक्का 710 चा, माल कमर्शियल

बेसिनखालच्या कपाटाचे दोन दरवाजे घरीच करायचे असं मी मार्चमध्ये ठरवलं. रत्नागिरीत दोन दरवाज्यांसाठी सुतार येत नाही. "मोठं काम निघालं की सांगा, काका," एवढंच ऐकायला मिळतं. कटर मशीन आणि ड्रिल घरात होतं, निवृत्तीनंतरचा वेळही होता.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदाच सांगितलं, "बाथरूमचं काम आहे, पाणी लागणार." दुकानदार म्हणाला, "मग वॉटरप्रूफच घ्या." त्याने प्लायवूडच्या थप्पीतून आठ बाय चारची, 18 मिलिमीटरची शीट ओढली. कोपऱ्यात निळ्या शाईत शिक्का होता, आयएस 710, मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक. वरून छान लालसर दिसत होती. लाल म्हणजे गर्जनचं लाकूड, गर्जन म्हणजे भारी, एवढं ज्ञान मला कुठूनसं मिळालेलं होतं आणि नेमकं तेच नडलं. भाव फुटाला 115, म्हणजे 32 फुटांचे 3680. घासाघीस करून 3600 दिले. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा," असं म्हणत त्याने चिठ्ठी लिहून दिली, 'प्लाय 18, 1 नग'. वाचवलेल्या पैशांच्या आनंदात मी ती चिठ्ठी खिशात घातली.

दरवाजे झाले. पुढून सनमायका, आतून ऑइल पेंट. बिजागरीसाठी 35 मिलिमीटरची भोकं पाडली तेव्हा भुशाबरोबर एका ठिकाणी पोकळीच लागली. ड्रिल भसकन आत गेलं. लाकूड आहे, असायचंच, म्हणून सोडून दिलं.

जुलैमध्ये एक दरवाजा लागेना. खालची कड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगली होती आणि सनमायका कोपऱ्यातून सुटत होता. सौ. म्हणाली, "स्वतः केलं की असंच." मलाही आधी तसंच वाटलं. खालच्या कडेला पट्टी न लावता नुसता रंग मारला होता, आणि सनमायका एकाच बाजूला लावला की दरवाजा वाकतो हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या चुका माझ्याच. पण बिजागरीच्या भोकाच्या आत बोट घातलं तर पापुद्रे सुटे सुटे लागले, आणि तिथे तर पाण्याचा थेंबही पोचलेला नव्हता, फक्त दमट हवा.

त्याच शीटचा उरलेला तुकडा माळ्यावर कोरडा ठणठणीत होता. त्यातून दोन बोटं रुंद पट्टी कापून जुन्या पातेल्यात उकळत ठेवली. 710 च्या मानकात 72 तास उकळायची चाचणी आहे. एवढा गॅस कोण जाळणार? पण गरजच पडली नाही. दीड तासात थर वहीच्या पानांसारखे उलगडले. पाण्याला कोकम सरबताचा रंग आला आणि खालून पांढरट लाकूड निघालं. लाली रंगवलेली होती. मग उरलेल्या तुकड्याची जाडी मोजली, जेमतेम साडेसोळा मिलिमीटर.

नंतर जे वाचलं-विचारलं ते आधी करायला हवं होतं. बाजारात 'कमर्शियल' म्हणतात तो प्लाय एमआर ग्रेडचा. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. नाव ऐकून बाथरूमला चालेल असं कुणालाही वाटेल, पण त्यातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक बैठकीच्या खोलीतल्या हवेपुरता. ओल्या जागेला बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) किंवा बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) हवा, त्यात फिनॉलचा डिंक असतो. नुसत्या 'वॉटरप्रूफ' नावाची ग्रेडच नाही, तो दुकानातला शब्द आहे.

उलगडलेली पट्टी डब्यात घालून दुकानात गेलो. "तुम्ही थेट पाणी मारलं असणार." "शिक्का मरीनचा आहे ना?" "शिक्का कंपनी मारते, काका." चिठ्ठी दाखवली तर हसला. तिच्यावर ग्रेड नव्हती, दुकानाचं नाव नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच आला.

शिक्काही पुन्हा नीट पाहिला. खऱ्या आयएसआय चिन्हावर वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठीचा आणि चालू आहे का ते दिसतं. माझ्या शीटवर 710 होतं, चिन्ह नव्हतं, परवाना क्रमांकही नव्हता. 'मरीन' हा शब्द मात्र ठसठशीत.

दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी पीव्हीसी फोम बोर्ड सुचवला. पाण्याला तो खरंच दाद देत नाही, पण त्यांच्याच बाथरूममधले स्क्रू वर्षभरात ढिले झालेले मी पाहिले होते. हिरवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तोही दाखवला गेला. हिरवा रंग ही ओळखीची खूण, रंगाने काही पाणी अडत नाही, आणि कड उघडी राहिली की तोही फुगतो. शेवटी प्लायच घ्यायचा ठरवला, दुसऱ्या दुकानातून.

तिथे जाडी मोजली, चारही कडा बघून गाभ्यात फटी आहेत का पाहिलं, ॲपवर परवाना तपासला, बिलावर 'आयएस 710, बीडब्ल्यूपी, 18 मिमी' असं लिहून घेतलं. जीएसटी भरला. उकळायला एक तुकडा मागितला तेव्हा मालक आधी चमकला, मग म्हणाला, "उकळा, आणि मलाही सांगा." चार तास उकळला, थर जागचे हलले नाहीत. पुढे उकळला नाही, सिलिंडर संपत आला होता.

या वेळी सनमायका दोन्ही बाजूंना लावला, चारही कडांना पट्टी, बिजागरीच्या भोकांत आतून प्रायमरचे दोन हात. जुना दरवाजा परसात कुंड्यांखाली आहे. गेल्या आठवड्यात त्यातून अळंबी उगवलेली दिसली.