म्यानमार: लष्कराशी जुळवून घ्यावं की लोकशाहीवाद्यांना साथ द्यावी?

बेळगावच्या रविवार पेठेत उडीद घेताना ‘बर्माचा माल’ असं हमखास ऐकू येतं. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने लोकांनी निवडून दिलेलं सरकार हटवून सत्ता बळकावली; त्याच वर्षी भारताने दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा करार केला. लष्कराशी जुळवून घेण्याची बाजू अशी: १,६४३ किलोमीटरची सीमा, ईशान्येतले बंडखोर, चीनची धास्ती. १९८८ साली दिल्ली म्यानमारच्या लोकशाहीवादी आंदोलकांच्या बाजूने होती, पुढे नव्वदच्या दशकात याच कारणांनी ती नरमली.

पण आता सीमेवर लष्कराची हुकमत उरली आहे कुठे? मिझोरामला म्यानमारच्या बंदराशी जोडणाऱ्या भारताच्या कलादान मार्गावरचं पलेत्वा हे गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाने घेतलं. विरोधक विखुरलेले आहेत, हे खरं. तरी आपलं मत डावललं जाण्याचं दुःख सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून माझा कौल लोकशाहीवाद्यांकडे. व्यापार चालू राहावा, पण त्यांच्याशी उघड चर्चा व्हावी, आणि मिझोरामने आसरा दिलेल्या, म्यानमारच्या चिन जमातीच्या निर्वासितांना दिल्लीने परत धाडू नये.