‘हिंदुत्व’ची मराठी आवृत्ती : अनुवाद चांगला, संपादन ढिसाळ

सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ मुळात इंग्रजीत लिहिलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा लक्षात राहत नाही. लेखक तुरुंगात असतानाच, १९२३ साली, तो ‘एक मराठा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने नागपूरहून प्रसिद्ध झाला. मराठीत आपल्या हाती पडते ते त्याचे रूपांतर; म्हणून भाषा लेखकाला शोभेल अशी असावी आणि संहिता डोळ्यांत तेल घालून तपासलेली असावी, एवढ्या दोन अपेक्षा घेऊन मी पुठ्ठा बांधणीची एक अलीकडची आवृत्ती विकत घेतली. पहिली अपेक्षा तिने बऱ्यापैकी पुरी केली. दुसरी मात्र नेमक्या नको त्या ठिकाणी फसली आहे.

ते ठिकाण म्हणजे साऱ्या ग्रंथाचा कणा असलेला श्लोक : ‘आसिंधुसिंधुपर्यंता यस्य भारतभूमिका । पितृभूः पुण्यभूश्चैव स वै हिंदुरिति स्मृतः ॥’ म्हणजे सिंधूपासून समुद्रापर्यंतची ही भारतभूमी ज्याची पितृभू (पूर्वजांची भूमी) आणि पुण्यभू (पवित्र भूमी) आहे, तो हिंदू. यातला पहिला सिंधु म्हणजे नदी आणि दुसरा म्हणजे समुद्र. माझ्या प्रतीत ‘आसिंधुपर्यंता’ एवढेच छापले आहे. आठ अक्षरांच्या चरणात सहाच उरल्यामुळे अनुष्टुभ छंद लंगडा होतो हे एक वेळ सोडून देऊ. पण ज्या व्याख्येत भूमीच्या सीमेला इतके महत्त्व आहे, तिच्यातून समुद्रच गळून पडावा आणि ते मुद्रितशोधकाच्या ध्यानातही येऊ नये, हे फारच झाले.

मुखपृष्ठावर देवळाचे शिखर आणि ॐ आहे, आणि मलपृष्ठावरचा मजकूर तर हा जणू नित्यपठणाचा धर्मग्रंथ असावा अशा थाटात लिहिलेला आहे. वास्तविक हिंदुत्व आणि हिंदुधर्म या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, धर्म हा हिंदुत्वाचा केवळ एक भाग आहे, हे पटवून देण्यासाठीच लेखकाने सुरुवातीपासून आटापिटा केला आहे. वेद प्रमाण न मानणारे जैन आणि बौद्ध, तसेच शीख या व्याख्येत बसावेत, म्हणून ती उपासनेऐवजी भूमी, रक्तसंबंध आणि संस्कृती यांच्यावर उभी केलेली आहे. पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना याच लेखकाने रोटीबंदी (सहभोजनाला बंदी), बेटीबंदी (आंतरजातीय विवाहाला बंदी), स्पर्शबंदी, सिंधुबंदी (समुद्रप्रवासाला बंदी) अशा सात ‘स्वदेशी बेड्या’ तोडण्याचा आग्रह धरला, १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले आणि गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे त्यांनी बिनदिक्कत लिहिले. संपादकाने प्रस्तावनेत यातले चार शब्द जरी सांगितले असते, तरी मुखपृष्ठ बदलावे लागले असते.

ग्रंथाचा खरा ताण मात्र याच्याही पुढे आहे. रक्तसंबंधाची चर्चा करताना सावरकर स्वतःच मान्य करतात की जातीजातींत सतत मिश्रण होत आले आहे आणि अखेर माणसाची जात एकच, मानवजात. म्हणजे रक्ताची कसोटी त्यांनीच बरीचशी सैल केली. बोहरी आणि खोजा यांच्यासारख्या समाजांची पितृभू हीच आहे आणि त्यांच्या चालीरीतींतही हिंदू अंश आहे, हेही ते नाकारत नाहीत. उरते ती पुण्यभू, आणि व्याख्येचा सगळा भार तिच्यावरच येऊन पडतो. मुसलमान आणि ख्रिस्ती वगळले जातात ते या एकाच शब्दामुळे. धर्माला बाजूला सारून आखलेल्या व्याख्येत धर्म अशा रीतीने मागच्या दाराने परत येतो, आणि देवधर्माबाबत इतक्या कोरड्या बुद्धिवादी माणसाने माणसाची निष्ठा मोजायला ‘पुण्य’ हेच माप का निवडावे, याचे समाधानकारक उत्तर मला या पानांत सापडले नाही. विवेकानंदांच्या परदेशी शिष्या भगिनी निवेदितांसाठी ते अपवाद करतात, तेव्हा त्या कसोटीची अडचण त्यांनाही जाणवली असावी असे वाटते.

या विचाराचे राजकीय टोक १९३७ नंतर, हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणांत दिसते : हिंदुस्थानात हिंदू आणि मुसलमान अशी दोन राष्ट्रे आहेत, पण राज्य एकच असावे आणि त्यात प्रत्येक नागरिकाला समान हक्क असावेत. डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना नेमके इथेच बोट ठेवले होते. दोन राष्ट्रे या मुद्द्यावर सावरकर आणि जीना यांचे एकमत आहे, आणि दोन राष्ट्रे मानून एकच राज्य मागणे धोक्याचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रदीर्घ प्रस्तावनेत गौरवाचे परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, पण या आक्षेपाचा साधा उल्लेखही नाही. सावरकर स्वतः वादाला भिणारे नव्हते. त्यांच्या संपादकाने का भ्यावे?

सप्तसिंधु ते अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथामधील हप्तहिंदु हा शब्दाचा प्रवास अनुवादकाने फार चांगला उतरवला आहे. ‘हिंदू’ हे नाव परक्यांनी चिकटवलेले नाही, हे सिद्ध करण्याची लेखकाची ईर्षा मराठीतही जाणवते. बौद्धांच्या अहिंसेमुळे देश दुबळा झाला, हे प्रतिपादन मात्र आज टीपांशिवाय छापू नये, कारण तिथे इतिहासापेक्षा आवेश जास्त आहे. टीपा तर नाहीतच, सूचीही नाही. निवेदितांचा उल्लेख पुन्हा शोधायला मला अर्धे पुस्तक चाळावे लागले.

कागद जाड आहे, टाइप डोळ्यांना सुखावणारा आहे. पहिल्या प्रतीत एक फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा संच) दोनदा बांधला गेला होता, ती विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिली. भाषाशुद्धीचा हट्ट धरून ‘तारीख’ या परकीय शब्दाऐवजी ‘दिनांक’ रूढ करणाऱ्या लेखकाच्या ग्रंथावर प्रकाशनाची ‘तारीख’ छापलेली पाहून थोडे हसू आले, पण ती तक्रार नव्हे. मूळ युक्तिवाद मराठीतून सलग वाचायचा असेल त्याने ही आवृत्ती जरूर घ्यावी. प्रस्तावना शेवटी वाचावी, आणि श्लोकाच्या पानावर गळलेला सिंधु पेन्सिलीने लिहून मगच पुढे जावे.