१४० रुपयांचं कायद्याचं पुस्तक, पोलीस ठाण्यात वापरून पाहिलं (साडेतीन स्टार)

पहिलेच सांगतो, प्रकाशकाचं नाव लिहिणार नाही आणि ठाण्याचं तर नाहीच. वस्तू म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस (तक्रार, तपास, अटक कशी करायची त्या पद्धतीचा कायदा), मराठी, बिना टीकेची. छापील किंमत १६०, कोर्टाजवळच्या स्टॉलवर १४० ला मिळाली. वापरून चार महिने झाले. कव्हर निळं होतं, आता हळदीच्या बोटांमुळे कोपऱ्यात हिरवट झालंय.

घ्यायची वेळ काहून आली ते ऐका. जुलैत बायको ई-रिक्षानं घरी येत होती, सिग्नलला रिक्षा हळू झाली, मागून बाईकवर दोघं आले, हातातला फोन ओढला आणि गेले. फोन १८ हजाराचा, त्याचे चार हप्ते अजून बाकी. तासाभरात आम्ही ठाण्यात. ठाणे अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं, बायकोला पाणी दिलं, खोटं काहून बोलू. मग म्हणाले की चौकाची ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही. गेलो दुसऱ्या ठाण्यात, तर ते म्हणाले सिग्नलच्या अलीकडं झालं म्हणजे त्यांचंच काम. रात्री साडेनऊला भिजत परत पहिल्या ठाण्यात, तर आता तिसरीच गोष्ट, "असं करा दादा, फोन गहाळ झाला म्हणून लिहून द्या, पाच मिनिटात शिक्का मारून देतो, तेवढ्यावर सिम भी मिळते आणि फोन भी ब्लॉक होते."

मी तर पेन काढलाच होता. दिवसभराचा थकलेला माणूस, पाच मिनिटात काम होत असेल तर कोण नाही म्हणेल. पण बायको म्हणाली, गहाळ कसा काय, मी कुठं विसरले का, माझ्या हातातून ओढला ना. आणि तिथंच सगळं अडलं. कारण गहाळ लिहिलं की गुन्हाच घडला नाही, गुन्हा नाही म्हंजे गुन्ह्याचा नंबर नाही, तपास नाही, आणि त्या महिन्याच्या त्यांच्या आकड्यांत आमचा फोन कुठंच नाही. आम्ही काही न लिहिता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून कोर्टाकडं गेलो. स्टॉल म्हंजे काय, दोन लोखंडी रॅक आणि वर प्लास्टिकची ताडपत्री, समोर टायपिंगवाले. काकांनी विचारलं, टीकेवाली पाहिजे का बिना टीकेची. मला वाटलं टीका म्हंजे सरकारवर टीका, तर ते हसले, म्हणाले टीका म्हंजे खाली बारीक अक्षरात समजावून सांगितलेलं असते ते, ते वकिलांसाठी, ९०० च्या वर जाते. मग काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पैसे घ्यायच्या आधी कानावरची पेन्सिल काढून कलम १७३ च्या पानावर चौकोन केला. "हे वाचा. आणि ठाण्यात पुस्तक टेबलावर आपटू नका." दुकानदाराला माझ्याकडून पाच स्टार, हा सल्ला पुस्तकात नाही.

आता पुस्तकाबद्दल. एकूण ५३१ कलमं (याच्या आधीच्या कायद्यात, म्हंजे जुन्या सीआरपीसीत, ४८४ होती), १ जुलै २०२४ पासून लागू. सामान्य माणसाला त्यातली वीसेक पुरतात, पण ती वीस कुठली हे कोणी सांगत नाही, अनुक्रमणिका अशी की शोधायला बसलं तर चहा थंड होते. मराठी म्हणाल तर एकेक वाक्य दहा ओळींचं, "परंतुक" आणि "पोटकलम" आणि "उपरोक्त", शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. पण कलम १७३ एकदा सावकाश वाचलं आणि अंगावर काटा आला बाप्पा. खबर कोणत्याही भागात घडलेल्या गुन्ह्याची असो, ठाण्यानं घ्यायची. म्हंजे हद्दीचा जो खेळ आमच्यासोबत दोन तास चालला तो पहिल्याच पोटकलमात संपला. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. झिरो माईलच्या गावात, म्हंजे नागपुरात, राहून आम्हाला झिरो एफआयआर माहीत नव्हती, आता काय बोलावं. शिवाय खबर ऑनलाइन पाठवली तरी चालते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि एफआयआरची प्रत फुकट, फिर्यादीला किंवा पीडिताला. झेरॉक्सचे पैसे सुद्धा नाही.

एक अजून कळलं. जुन्या आयपीसीत, म्हंजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्यात, हिसकावून चोरीला वेगळं कलमच नव्हतं. आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहिता) कलम ३०४ आहे, स्नॅचिंगसाठी वेगळं, आणि दखलपात्र, म्हंजे कोर्टाच्या परवानगीची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येते. पण हे बीएनएसएसच्या पुस्तकात नाही, बीएनएसचं पुस्तक वेगळं घ्यावं लागते, एक गुन्ह्यांचं आणि एक पद्धतीचं. नावं इतकी सारखी की स्टॉलवर माझ्यासमोर दोन लोक चुकीचं घेऊन परत आले. मी दुसरं घेतलं नाही, काकांनी उभ्या उभ्या वाचू दिलं.

आता टेस्ट. संध्याकाळी गेलो आणि काकांनी सांगितलेलं विसरून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, उघडून, पेन्सिलचा चौकोन वर करून. चूक झाली. काल पाणी देणारा माणूस आज एकदम बदलला, "आता तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का?" आवाज चढला, बाकावरचे सगळे आमच्याकडं पाहून राहिले, बायकोनं माझा शर्ट ओढला. नंतर म्हणे, गुन्हा नोंदवायच्या आधी चौकशी करावी लागते, ते भी तुमच्याच पुस्तकात आहे, पाहा. आणि खरंच आहे! १७३ चंच तिसरं पोटकलम, ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करता येते. फक्त त्याला डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत उरकावी लागते, हे मी वाचून दाखवलं तर ते म्हणाले साहेब राऊंडला गेले. पुस्तक दोन्हीकडून चालते हे तेव्हा कळलं.

मग बाहेर येऊन, पार्किंगमधल्या ॲक्टिव्हाच्या सीटवर कागद ठेवून साधा अर्ज लिहिला. किती वाजता, कुठं, काय, फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा असते तो), दोघांचं वर्णन, कलम १७३ (१) प्रमाणे खबर घ्यावी ही विनंती, आणि खाली "नोंद होत नसल्यास कारण लेखी द्यावे". दोन प्रती. आत जाऊन एकच वाक्य बोललो, साहेब एका प्रतीवर पोच द्या. बस. पुस्तक पिशवीतच. शिक्का उचलायच्या आधी त्यांनी ती शेवटची ओळ दोनदा वाचली, आत गेले, आणि एक पीएसआय मॅडम बाहेर आल्या.

मॅडमनी मला पुस्तक मागितलं. मी घाबरतच दिलं. त्यांनी सरळ १७३ काढलं, वाचलं, म्हणाल्या, "आमच्या तोंडात अजून १५४ च येते हो, जुनं-नवं कलम लिहिलेला तक्ता नाही का यात?" नाही ना! हीच माझी या पुस्तकाबद्दल सगळ्यात मोठी तक्रार. पन्नास वर्षांचा कायदा बदलला, वकील, पोलीस, रिपोर्टर सगळे जुने आकडे बोलतात, आणि प्रकाशकाला दोन पानांचा तक्ता टाकता आला नाही. ४१ चं ३५ झालं, १५४ चं १७३, १५६ (३) चं १७५ (३), १६० चं १७९. मी हातानं शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून काढलं. रात्री पावणेदहाला गुन्हा नोंद झाला, ३०४ लागलं, प्रत फुकट मिळाली.

समजा मॅडम आल्याच नसत्या तर? ते भी तिथंच आहे, चौथ्या पोटकलमात. लेखी खबर पोस्टानं एसपीला, म्हंजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला, पाठवायची (आपल्याकडं पोलीस कमिशनरेट आहे तर डीसीपी, म्हंजे उपायुक्तांच्या ऑफिसला), तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. म्हणून ती पोच महत्त्वाची, पुढच्या प्रत्येक पायरीवर तीच विचारतात.

दुसरी टेस्ट मी केली नाही, शेजारच्या आजोबांनी केली. वय ६८, गल्लीतल्या एका भांडणात साक्षीदार, रोज फोन यायचा, "बाबाजी ठाण्यात येऊन जा." गुडघे गेलेले, ऑटोला जाऊन येऊन दोनशे रुपये. त्यांना १७९ चं परंतुक, म्हंजे नियमाला खाली जोडलेला अपवाद, दाखवलं. १५ वर्षांच्या आतला मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कोणतीही बाई, अपंग किंवा खूप आजारी माणूस, यांना साक्षीदार म्हणून राहत्या घराशिवाय दुसरीकडं बोलावता येत नाही. आणि बोलावणं लेखी पाहिजे, फोन नाही. आजोबांनी फोनवर ते परंतुक पूर्ण वाचून दाखवलं, समोरचा हवालदार मधात दोनदा हो हो म्हणाला, आणि परवा गडी स्वतः घरी आला, बयाण लिहिलं, तर्री पोहा खाल्ला आणि गेला. कोणाचा आवाज चढला नाही.

त्याच परंतुकात "बाई" हा शब्द वाचून आई गप्प झाली होती. आमच्या घरात लहानपणापासून नियम, बाईमाणसानं दिवे लागल्यावर ठाण्याची पायरी चढायची नाही. मला ते जुनाट वाटायचं. आईनं सांगितलं की तिच्या तरुणपणी सगळीकडं मथुरा प्रकरणाचीच चर्चा. १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, मथुरा नावाची आदिवासी पोरगी, ठाण्यातच पोलिसांनी केलेला अत्याचार. सेशन कोर्टात पोलीस सुटले, आपल्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आईला कलम नंबर एक माहीत नाही, पण ठाण्यात बाईला का बोलावू नये ते तिला माझ्याआधी माहीत होतं.

पुस्तकात जे नाही ते भी सांगतो, कारण १४० रुपयांत सगळं आलं असं समजू नका. कोर्टाचे निकाल यात नाहीत, आणि ठाण्यातला अर्धा कायदा निकालांत आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, हे ठामपणे सांगितलं ते २०१३ च्या ललिता कुमारी निकालानं. अटकेचे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले, त्यातले बरेच आता कलमात भी आहेत (अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, पंचनामा, नातेवाईकाला कळवणं, कलम ३६ आणि ४८). २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं तर संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे, ती प्रत आमच्याकडं आधीपासून आहे, दीक्षाभूमीवर धम्मचक्र दिनाच्या स्टॉलवरून घेतलेली. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावा, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा, ते जमत नसेल तिथं कमीत कमी वर्षभर तरी, आणि तशी पाटी दारावर लावा असं सांगितलं. आमच्या ठाण्यात कॅमेरा आहे. पाटी मी शोधली, वॉन्टेडच्या फोटोंमागं भी पाहिलं, दिसली नाही.

आणि हे तर आपल्या घरचं, २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानंच वर्ध्याच्या एका प्रकरणात म्हटलं की ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमधल्या (सरकारी गुपितांचा कायदा) "प्रतिबंधित जागे"त पोलीस ठाणं येत नाही, म्हणून तिथं व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. आता याचा अर्थ मोबाईल कोणाच्या नाकासमोर धरा असा नाही, दुसरी कलमं लावायला वेळ लागत नाही. मी तर काढला नाही, आमच्याकडं त्या दिवशी फोनच एक होता.

छपाईबद्दल एक. १९३ चं पान माझ्या प्रतीत कापलेलंच नव्हतं, पुढच्या पानाला जोडलेलं, ब्लेडनं सोडवलं. तर आत हे निघालं, तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, मेसेजनं कळवलं तरी चालते. आमचे ९० दिवस ऑक्टोबरात झाले. फोन नाही, मेसेज नाही. ९६ व्या दिवशी मी परत दोन प्रतींचा अर्ज घेऊन गेलो, पोच घेतली, आणि चौथ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज आला, तपास सुरू आहे. फोन मिळाला नाही. मिळेल असं वाटत भी नाही. एक स्टार त्याचा कापला नाहीये, ते पुस्तकाच्या हातात नाही. कापला तो तक्त्याचा, आणि अर्धा बाइंडिंगचा, १७३ चं पान आता सुटं झालंय.

घ्यावं का? घ्या, पण आधी शेवटची पानं पाहून घ्या. काका म्हणत होते तक्तावाली आवृत्ती आली आहे, वीसेक रुपये जास्त. माझी प्रत सध्या आजोबांकडं आहे, काल मागायला गेलो तर म्हणाले थांब, अजून ३५ वाचून राहिलो. त्याच्या सातव्या पोटकलमात लिहिलंय की ३ वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या माणसाला डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. चष्मा वर करून विचारून राहिले, "मंग पोरा, समोरच्याचा तो रोज भुकणारा कुत्रा, त्याचं काही करता येईल का मले?"